व्हाइट स्पॉट जातो आणि पुन्हा येतो: गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नेमकं काय चुकतं?

माशांवर पांढरे ठिपके दिसले, दुकानातून बाटली आणली, तीन-चार दिवसांत मासे स्वच्छ झाले, औषध बंद केलं. आठवडाभराने ठिपके परत आले आणि या वेळी दुप्पट. मग दुसरी बाटली, तिसरी बाटली, आणि शेवटी 'आमच्याकडचं पाणीच खराब आहे' असा निष्कर्ष. बहुतेक वेळा पाण्याचा काही दोष नसतो, औषधाचाही नसतो. ठिपका दिसेनासा होणं म्हणजे रोग बरा होणं, असं धरून चाललं की हे चक्र थांबतच नाही.

या रोगाला हौशी मंडळी 'व्हाइट स्पॉट' किंवा 'इक' म्हणतात. त्याला कारणीभूत असलेला इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा अंगभर सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेला एकपेशीय परजीवी आहे. तो बुरशी नाही, जिवाणूही नाही. म्हणून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकल्याने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतात ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू.

परजीवी कुठे कुठे असतो

माशाच्या अंगावरचा ठिपका म्हणजे वाढत असलेला परजीवी. तो कातडीच्या वर बसलेला नसतो. बाहेरच्या पातळ थराखाली शिरून तिथे माशाच्या पेशी खात मोठा होतो, आणि वर माशाचीच कातडी असते. म्हणून या अवस्थेत पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो साधारण एक मिलिमीटरपर्यंत जातो, कातडी फोडून बाहेर पडतो आणि तळाशी जातो. ठिपका 'नाहीसा' होतो तो या वेळी. औषध न टाकताही तो याच दिवशी नाहीसा झाला असता.

तळाशी गेल्यावर तो खडीला, पानाला, काचेला, फिल्टरच्या स्पंजला चिकटतो आणि भोवती चिकट आवरण तयार करतो. त्या आवरणात त्याचं विभाजन सुरू होतं. एकाचे दोन, दोनाचे चार करत काहीशे, कधी हजाराच्या घरात पिल्लं तयार होतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास या कामाला १८ ते २४ तास लागतात. आवरणावरही औषधाचा असर फारसा होत नाही.

मग आवरण फुटतं आणि डोळ्यांना न दिसणारी, पोहणारी पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. मीठ असो, मॅलाकाइट ग्रीन असो की फॉर्मेलिन, सगळ्यांचा मारा मुख्यतः याच अवस्थेवर होतो. म्हणजे औषधाला दर चक्रात एवढीच एक खिडकी मिळते. एका वेळी सगळे परजीवी एकाच अवस्थेत नसतात, त्यामुळे शेवटचा परजीवी माशावरून उतरून, फुटून, पोहायला लागेपर्यंत पाण्यात औषधाची पुरेशी मात्रा असावीच लागते.

हे चक्र किती दिवसांत पूर्ण होतं ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. २४ ते २६ अंशांना साधारण चार ते सात दिवस, २० अंशांच्या आसपास आठ-दहा दिवस किंवा जास्त, १५ अंशांना दोन आठवडे आणि पुढे, १० अंशांना महिनाभरही. नाशिक, पुणे, नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत हीटर नसलेल्या टँकचं पाणी पहाटे २० च्या खाली सहज जातं. तिथे पाच दिवसांचा कोर्स केला तर एक चक्रसुद्धा झाकलं जात नाही. बाटलीवर लिहिलेले 'तीन दिवस, तीन डोस' उबदार पाण्याला धरून असतात.

आधी खात्री: हा व्हाइट स्पॉटच आहे का?

खोलीतला दिवा बंद करा, टँकचा दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च काचेच्या बाजूने तिरका धरा. शेपटीचा पारदर्शक भाग सगळ्यात आधी बघा, तिथे ठिपका लवकर कळतो. व्हाइट स्पॉटचे ठिपके रव्याच्या कणासारखे, सुटे, गोल, कडा स्पष्ट असलेले आणि कातडीत रुतलेले दिसतात. आज शेपटीवर डावीकडे असलेला ठिपका दोन-तीन दिवसांनी तिथे नसतो, दुसरीकडे नवे आलेले असतात. रोज एक फोटो काढून ठेवला तर ही हालचाल नीट दिसते, आणि हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे.

ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी किंवा गंजाच्या रंगाची बारीक धूळ चमकत असेल तर तो वेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग. उपचार काही प्रमाणात सारखे असले तरी वेल्व्हेट जास्त वेगाने मारतो आणि त्यात टँक अंधारात ठेवणं महत्त्वाचं असतं. ठिपके पृष्ठभागातून वर उठलेले, थोडे लवदार, आकाराने कमीजास्त आणि डोळ्यांवरही असतील तर एपिस्टायलिस या दुसऱ्या एकपेशीय जीवाचा संशय घ्या. त्याच्यासोबत बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो आणि अशा टँकमध्ये पाणी तापवलं तर मासे पटापट जातात. ओठांभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा असेल तर तो कॉलमनॅरिस हा जिवाणूजन्य रोग असू शकतो, त्यालाही उष्णता मानवते. म्हणून ओळख पटेपर्यंत हीटर वाढवायची घाई नको.

महिनोन् महिने एकाच जागी बसलेला, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा पांढरा गोळा लिम्फोसिस्टिसचा असतो, तो विषाणूजन्य आहे आणि त्यावर औषध नाही. गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पहिल्या काट्यावर ओळीने पांढरे दाणे आले असतील तर अभिनंदन, तो रोग नाही, विणीचा हंगाम आहे. त्यावर औषध ओतणारे दर वर्षी सापडतात.

उलट बाजूही लक्षात असू द्या. अंगावर एकही ठिपका नाही, पण मासे खडीला अंग घासतायत, पर मिटून बसतायत, पृष्ठभागावर तोंड काढून झपाझप श्वास घेतायत, तर परजीवी फक्त कल्ल्यांत असू शकतो. अशी लक्षणं अमोनिया किंवा क्लोरीननेही येतात, म्हणून आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्रेट्स नव्हे, अमोनिया आणि नायट्राइट. दोन्ही शून्य असतील आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत नवा मासा आला असेल, तर व्हाइट स्पॉट धरूनच चालावं.

परत येतो तो कधी, यावरून कारण कळतं

औषध थांबवल्यानंतर पाच ते दहा दिवसांत परत आला, तर कोर्स अपुरा पडला. एक तर लवकर थांबवलं, किंवा मात्रा कमी पडली. मात्रा कमी पडण्याची नेहमीची कारणं: फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन तसाच राहिला आणि त्याने औषध शोषून घेतलं, टँकचा दिवा दिवसभर चालू होता आणि मॅलाकाइट ग्रीन उजेडात निष्प्रभ झालं, तळाशी घाण इतकी होती की औषध तिलाच चिकटून संपलं, किंवा टोपणाने अंदाजे ओतलं. पाणी हिरवट-निळं होतं आणि संध्याकाळपर्यंत स्वच्छ झालं, असं दिसलं तर औषध संपलं असं समजा.

आजारी मासा काढून वेगळ्या टबमध्ये बरा केला आणि परत टाकल्यावर त्याला पुन्हा झाला, तर मूळ टँक तसाच संसर्गित होता. एक मासा आजारी दिसला की टँकमधले सगळे मासे बाधित धरायचे. उपचार त्या टँकचा करायचा, एका माशाचा नाही. सगळेच मासे बाहेर काढणार असाल तर रिकामा टँक २७-२८ अंशांवर आठवडाभर ठेवला की माशाविना परजीवी संपतो. थंड पाण्यात मात्र हाच काळ तीन आठवड्यांपर्यंत धरावा. 'पाण्यात तो नेहमीच असतो' हे दुकानातलं आवडतं वाक्य आहे, पण ते खरं नाही. माशाशिवाय तो वाढू शकत नाही, आणि खडीत वर्षानुवर्षं झोपूनही राहत नाही.

दोन-तीन महिन्यांनी, नवे मासे आणल्यावर आला, तर तो बाहेरून आला. आपल्याकडच्या दुकानांत येणारे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याकडून पिशव्यांत भरून येतात. प्रवासात तापमान बदलतं, गर्दी असते, मग दुकानातल्या टँकमध्ये वेगवेगळ्या गावचे मासे एकत्र होतात, आणि सगळ्या टँकना फिरणारी जाळी एकच असते. पाण्यासकट पिशवी टँकमध्ये ओतली की परजीवीची पिल्लं मोफत मिळतात. झाडाच्या पानावरून, गोगलगायीच्या शंखावरून, ओल्या जाळीवरूनही ती येतात.

यातच एक कोडं नेहमी विचारलं जातं: जुने मासे ठणठणीत आणि नवीन मासेच मरतात, मग रोग नव्या माशांनी कसा आणला? तसं असेल तर बहुधा आणला नाहीच. व्हाइट स्पॉटमधून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते. त्यांच्या कल्ल्यांत थोडेसे परजीवी तग धरून राहतात, मासा निरोगी दिसतो, आणि कधीही संपर्क न आलेला नवा मासा आला की त्याच्यावर धाड पडते. अशा टँकमध्ये एकही ठिपका दिसत नसताना पूर्ण कोर्स करणं हाच उपाय आहे.

दर हिवाळ्यात, नवा मासा न आणता आला, तर तोही असाच वाहक टँक, फक्त निमित्त थंडीचं. रात्री पाणी चार-पाच अंशांनी उतरतं, माशांची प्रतिकारशक्ती ढिली पडते. हीटर आहे पण लोडशेडिंगमध्ये रात्रभर बंद राहतो, किंवा पाणी बदलताना नळाचं गार पाणी सरळ ओतलं जातं, तिथेही हेच.

टँकमध्ये पाणी किती, हे आधी मोजा

आपल्याकडे टँक फुटांत विकला जातो आणि औषध लिटरला मोजलं जातं, गोंधळ इथेच होतो. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा, म्हणजे लिटर. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक काठोकाठ सुमारे ५६ लिटरचा, पण वर सोडलेली जागा आणि खालची खडी वजा केली की हातात उरतं ४५ लिटरच्या आसपास. औषधाची मात्रा ४५ वर काढायची. मेडिकलमधून ५ मिलिलिटरची सिरिंज आणा, किंमत नगण्य आहे आणि टोपणाचा अंदाज कायमचा सुटतो.

पहिली पद्धत: उष्णता आणि मीठ

गप्पी, मोली, प्लॅटी, एंजल, गुरामी, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, बहुतेक बार्ब यांच्यासाठी ही पद्धत आधी करून बघावी. औषधाची बाटली त्यानंतर.

पहिलं काम सायफन. तळाची खडी ढवळत २५ ते ३० टक्के पाणी काढा. तळाशी चिकटलेल्या आवरणांचा मोठा हिस्सा यातच बाहेर जातो. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टँकच्याच तापमानाचं असावं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा अँटी-क्लोरीनची मात्रा सांभाळा.

एअर पंप चालू करा, तो शेवटपर्यंत बंद करायचा नाही. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मि.ग्रॅ. प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. त्यात माशांचे कल्ले आधीच परजीवींनी फाडलेले असतात. उष्णतेच्या उपचारात मेलेले बरेच मासे उष्णतेने नाही, गुदमरून मरतात.

तापमान तासा-दोन तासांत एक अंश, या हिशेबाने ३० पर्यंत न्या. हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, वेगळा थर्मामीटर टँकच्या दुसऱ्या टोकाला लावा. लिटरला एक वॅट हा साधारण हिशेब, पण गार घरात ४५ लिटरच्या टँकला ५० वॅटचा हीटर ३० गाठत नाही, ७५ किंवा १०० वॅटचा लागतो. मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोलचे तुकडे लावले, वर झाकण ठेवलं, तर हीटरवरचा भार बराच कमी होतो. पाणी काढण्याआधी हीटरचा प्लग काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेली नळी पाण्याबाहेर आली की तडकते, आणि तडकलेला हीटर पाण्यात म्हणजे हाताला शॉक.

३० अंशांना या परजीवीची वाढ बहुतेक वेळा थांबते. सगळ्याच जाती थांबत नाहीत, उष्णतेला सरावलेले प्रकारही आढळले आहेत, म्हणून सोबत मीठ. लिटरला २ ग्रॅम हे लक्ष्य. ४५ लिटरला ९० ग्रॅम. साधं खडे मीठ चालतं. त्याचे तीन भाग करा, ३० ग्रॅम एका वेळी, टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, फिल्टरच्या धारेजवळ हळूहळू ओता. दोन भागांत बारा तासांचं अंतर ठेवा. खडे तसेच टाकले तर तळाशी बसलेल्या माशाची कातडी भाजते.

पुढची चूक मोजमापाची. मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटून कमी झालं असेल तर भर साध्या पाण्याची घालायची. पाणी उपसून बदललं असेल तर तेवढ्याच पाण्याचं मीठ घालायचं: १२ लिटर काढलं तर २४ ग्रॅम. दर वेळी पूर्ण ९० ग्रॅम घालणाऱ्यांच्या टँकमध्ये आठवड्याभरात खाडीचं पाणी होतं.

दर दुसऱ्या दिवशी सायफन करून २५ टक्के पाणी बदला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तर घाबरू नका. आधीच कातडीखाली असलेले परजीवी उष्णतेने भराभर मोठे होऊन आता दिसू लागले आहेत. मीठ निष्फळ ठरलं असं समजून या दिवशी लोक औषधही ओततात, आणि दोन्ही मिळून मासे मरतात. शेवटचा ठिपका ज्या दिवशी गेला तो दिवस कॅलेंडरवर लिहा. तिथून पुढे पूर्ण सात दिवस, आणि एकूण चौदा दिवसांपेक्षा कमी नाही. तितके दिवस ३० अंश आणि मीठ दोन्ही टिकवायचे. सहाव्या दिवशीही नवे ठिपके येतच असतील, तर उष्णतेला न जुमानणारा प्रकार समजून औषधाकडे वळा. त्याआधी तापमान २७-२८ वर उतरवा आणि निम्मं पाणी बदला.

दुसरी पद्धत: मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन

व्हाइट स्पॉटवर ही जोडी जुनी आणि खात्रीची आहे. घरी घेताना तयार मिश्रणच घ्या आणि बाटलीवर घटक छापलेले असतील तरच घ्या. नुसतं माशाचं चित्र आणि 'व्हाइट स्पॉट क्युअर' एवढंच छापलेली बाटली परत ठेवा, कारण मात्रेत चूक झाली तर आत काय होतं हेही कळणार नाही. पावडर आणून घरी द्रावण करण्याच्या फंदात पडू नये. मॅलाकाइट ग्रीनची टँकमधली नेहमीची मात्रा ०.१ मि.ग्रॅ. प्रति लिटर, म्हणजे ४५ लिटरला फक्त ४.५ मिलिग्रॅम. ते मोजेल असा काटा स्वयंपाकघरात नसतो.

कार्बन काढा, यूव्ही दिवा असेल तर बंद करा, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून घ्या, तळ सायफन करा आणि मग औषध. बाटलीवर लिहिलेली मात्रा खऱ्या लिटरवर काढा. टँकचा दिवा बंद ठेवा, खिडकीचं ऊन येत असेल तर चादर टाका. पुढच्या प्रत्येक डोसआधी २५ ते ५० टक्के पाणी बदला. पाणी २५ अंशांच्या वर असेल तर दर दोन-तीन दिवसांनी डोस, आणि थांबायचं गणित वर दिलं तेच: शेवटच्या ठिपक्यानंतर सात दिवस. बाटलीवर कमी डोस लिहिलेले असले तरी हे गणित बदलत नाही.

फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं. लिटरला ५ मि.ग्रॅ. फॉर्मेलिन गेलं की साधारण १ मि.ग्रॅ. ऑक्सिजन कमी होतो, म्हणून एअर स्टोनशिवाय ही पद्धत करूच नये. गार जागी पडून राहिलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला तर ती फेकायची. तो पॅराफॉर्मल्डिहाइड असतो आणि माशांना मूळ औषधापेक्षा जास्त घातक. हातमोजे घाला, खिडकी उघडा, लहान मुलांना दूर ठेवा. मॅलाकाइट ग्रीन सिलिकॉनच्या जोडाला कायमचा हिरवट डाग पाडतं, पुढच्या टँकच्या फोटोंची हौस असेल त्यांनी उपचार प्लॅस्टिकच्या टबमध्ये करावा. खाण्यासाठी पाळलेल्या माशांना हे औषध अजिबात देऊ नये, मत्स्यशेतीत त्याला बंदी आहे.

औषध आणि ३० अंश एकत्र नकोत. गरम पाण्यात दोन्ही औषधं जास्त विषारी होतात आणि ऑक्सिजन आधीच कमी असतो.

ज्यांना हे दोन्ही झेपत नाही

लोच, कॉरिडोरास आणि बिनखवल्यांचे इतर मासे, तसंच निऑनसारखे छोटे टेट्रा, यांना औषध निम्म्या मात्रेत द्यावं आणि दिवस वाढवावेत. लोचना व्हाइट स्पॉट इतरांच्या आधी होतो, टँकमध्ये लोच असेल तर रोज टॉर्चने त्याचीच तपासणी करा. त्यांच्यासाठी मीठ लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करून दोन दिवस बघून वाढवावं.

सह्याद्रिया डेनिसोनी, दुकानातलं नाव 'मिस केरला', हा पश्चिम घाटातल्या वाहत्या, गार ओढ्यांचा मासा आहे. त्याला ३० अंश दोन आठवडे देणं म्हणजे शिक्षा. त्याला २६-२७ अंश, जोरदार हवा आणि निम्मं औषध. गोल्डफिशलाही फार तापवू नका, त्याला मीठ उत्तम चालतं, लिटरला ३ ग्रॅमपर्यंत.

झाडांनी भरलेला टँक किंवा श्रिंप असलेला टँक असेल तर मासे बाहेर काढून उपचार करणं सरळ पडतं. कॅबोम्बासारखी नाजूक पानांची झाडं मिठाने गळतात, जावा फर्न तग धरतो. तांबं असलेली औषधं श्रिंप आणि गोगलगायींना मारतात, बाटलीवर कॉपर सल्फेट वाचलं की हात मागे घ्या.

औषध अजिबात द्यायचं नसेल तर दोन टबांची पद्धत आहे, कष्टाची पण भरवशाची. पाणी २५-२६ अंशांवर ठेवून सकाळ-संध्याकाळ, दर बारा तासांनी, मासे एका टबमधून दुसऱ्या धुतलेल्या टबमध्ये हलवायचे. तळाशी पडलेला परजीवी फुटायच्या आत मासे तिथून गेलेले असतात. रिकामा टब गरम पाण्याने धुवून उन्हात कडक वाळवायचा, सुकल्यावर हा परजीवी जगत नाही. हे सलग सात दिवस, आणि ठिपके तोवर गेले नसतील तर आणखी तीन-चार. तेवढ्यात मूळ टँक माशांविना वर सांगितल्याप्रमाणे २७-२८ अंशांवर रिकामा राहतो.

मध्येच मासे मरू लागले तर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, तर क्रमाने बघा: हवा चालू आहे का, तापमान किती, अमोनिया किती. औषधाने फिल्टरचे जिवाणू दुबळे होतात, विशेषतः मिथिलीन ब्लूने. ते निळं पाणी दिसायला जोरदार, पण टँकमधल्या व्हाइट स्पॉटवर कामाला हलकं आणि फिल्टरला भारी, म्हणून मुख्य टँकमध्ये नको. अमोनिया दिसला तर निम्मं पाणी बदला, खाणं दोन दिवस बंद करा, नंतर दिवसातून एकदाच चिमूटभर. औषधाचा डोस जास्त झाल्याची शंका आली तर निम्मं पाणी बदलून कार्बन परत घाला, तो औषध ओढून घेतो. मीठ मात्र कार्बनने निघत नाही.

हळद, कडुनिंबाचा पाला, पोटॅशियम परमँगनेट हे घरगुती उपाय सुचवले जातात. पहिल्या दोघांनी पाणी गढूळ होतं, तिसऱ्याची मात्रा थोडी चुकली की कल्ले जळतात. देशी बदामाची सुकी पानं पाणी किंचित आम्लधर्मी करतात, माशांना आवडतात, पण परजीवी मारत नाहीत.

कोर्स संपल्यावर

तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी उतरवा आणि माशांना सोसेल त्या पातळीवर हीटर कायम लावून ठेवा, थंडीपुरता तरी. मीठ एकदम काढू नका. साध्या पाण्याने २५ टक्के बदल, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, पाच वेळा केले की लिटरला २ ग्रॅमचं मीठ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतं.

नवा मासा पुढचा महिनाभर नको. त्यानंतर आणाल तो आधी वेगळ्या टबमध्ये: २० ते ३० लिटर पाणी, जुन्या टँकमध्ये आधीपासून चालवलेला स्पंज फिल्टर, खडी नाही, पाणी २७-२८ अंश, तीन ते चार आठवडे. या तापमानाला लपलेला व्हाइट स्पॉट सहसा पहिल्या आठ-दहा दिवसांत बाहेर येतो. टबची जाळी आणि सायफनची नळी वेगळीच ठेवा. दुकानाच्या पिशवीतलं पाणी गटारात, मासा जाळीने टबमध्ये. झाडं आणि गोगलगायी आणल्या तर मासे नसलेल्या बादलीत २५ अंशांच्या वर आठवडाभर, मग टँकमध्ये.

काढलेलं खारं पाणी कुंड्यांना घालू नका, झाडं करपतात. औषधाचं पाणी घरच्या सांडपाण्याच्या नालीत जाऊ द्या, विहीर, ओढा किंवा तळ्यात नको.